विंचूदंशाचा रुग्ण आणि मॉनिटरवरचा ११०

अतिदक्षता विभागातली माहिती पडद्यावर कशी मांडावी, हे रत्नागिरीत बोलायचं तर आपण लाल विंचवापासूनच सुरुवात करू. कोकणात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

समजा, मॉनिटरवर रक्तदाब ११०/७० दिसतोय. रुग्ण बरा आहे? सांगता येत नाही. विंचवाच्या विषाने अ‍ॅड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तदाब चढतो. पुढे हृदय थकलं की तो उतरतो, फुफ्फुसात पाणी भरतं. म्हणजे हे ११० औषधाने खाली आलेलं असेल, नाहीतर हृदय हरत चालल्याचं असेल. आकडा तोच, पण पुढे करायचं ते अगदी वेगळं.

म्हणून आकड्याबरोबर रेषा हवी. तिचा शून्य तास आम्ही दंशाच्या क्षणी धरू, वायरी जोडल्या तेव्हा नाही. आतल्या गावातला माणूस चार तासांनी पोचतो. ते चार तास पडद्यावर रिकामे का होईना, दिसायला हवेत; आरोग्य केंद्राच्या चिठ्ठीवरचा रक्तदाब तिथे हाताने भरता यायला हवा. मोजपट्टीही ठरलेली असावी. ती आपोआप ताणली गेली तर १२० वरून ११५ ची उतरण दरीसारखी दिसते.

महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपयोग दाखवला. ती गोळी दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत द्यायची. आता गंमत बघा, 'हातपाय गरम' हे मॉनिटरवर कुठे येतं? सिस्टर हात लावून बघतात. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या महाडच्या अभ्यासात ७० रुग्ण होते. प्राझोसिनबरोबर प्रतिविष दिलेल्यांपैकी ९१ टक्के दहा तासांत लक्षणमुक्त झाले, नुसत्या प्राझोसिनवर २३ टक्के. हे ठरलं घाम, लाळ, थंड हातपाय अशा लक्षणांवरून. तेव्हा रक्तदाबाच्या रेषेखाली या लक्षणांची एक ओळ, आणि त्याच वेळेवर प्रत्येक डोसची खूण, एवढं तरी हवंच.

थंड बोटावर ऑक्सिमीटरही फसतो. नाडीची लहर सपाट असेल तर ऑक्सिजनचा आकडा फिका दाखवावा.

पूर्वी हे सगळं पलंगाशी टांगलेल्या एका कागदावर असायचं. संगणकात औषधं एका खिडकीत गेली, रक्तदाब दुसऱ्या. रात्री तीन वाजता त्या दोन्ही डोक्यात जुळवायच्या असतात ड्यूटीवरच्या एकट्या डॉक्टरने, आणि शेजारच्या खाटेचा अलार्म वाजतच असतो.