कारखाना परदेशी, कामगार परप्रांतीय, मग हक्क कुणाचा?

संभाजीनगरहून पैठणकडे निघालं की चितेगावनंतर बिडकीन लागतं. इथल्या शेतजमिनीवर आता ऑरिक ही औद्योगिक नगरी उभी राहते आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातलं बिडकीनचं 7,855 एकरांचं क्षेत्र 29 सप्टेंबर 2024 रोजी राष्ट्राला अर्पण झालं. त्याच्या दोन महिने आधी, 31 जुलैला, टोयोटा किर्लोस्कर मोटरने इथल्या सुमारे 20,000 कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला होता. भांडवल सीमा ओलांडून गावाच्या वेशीपर्यंत आलं. माणसंही ये-जा करतात: बाहेरच्या राज्यांतून कामगार येतात, मराठवाड्यातली पोरं आखातात जातात. यात कुणाला कोणता हक्क, यावर चहाच्या टपरीवर ठाम मतं ऐकू येतात. त्यातली बरीच कायद्याला धरून नसतात.

गैरसमज 1: 80 टक्के नोकऱ्या बिडकीनकरांना द्याव्यात, असा कायदाच आहे.

वस्तुस्थिती: तो कायदा नाही, राज्य सरकारचं धोरण आहे. 2008च्या शासन निर्णयानुसार उद्योगांत पर्यवेक्षकीय पदांवर किमान 50 टक्के आणि इतर पदांवर 80 टक्के स्थानिक असावेत. पण इथे ‘स्थानिक’ म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य असलेला माणूस. बिडकीनच्या तरुणाइतकाच गडचिरोलीचा तरुणही त्यात बसतो. हरियाणाने खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिकांची सक्ती करणारा कायदा केला, तेव्हा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023मध्ये तो घटनाबाह्य ठरवला. देशात कुठेही राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे.

गैरसमज 2: परप्रांतीय कामगाराला इथे मत देता येत नाही.

वस्तुस्थिती: जो जिथे सर्वसाधारणपणे राहतो, तिथला तो मतदार, असं 1950चा लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. अमुक वर्षं राहिल्याची अट त्यात नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही हे लागू आहे. बिहारमधल्या यादीत आधीच नाव असेल, तर नमुना 8 भरून ते इथे हलवता येतं. मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं, दोन्हीकडे नाही.

गैरसमज 3: परदेशी नागरिकाला आपल्या राज्यघटनेचं संरक्षण नाही.

वस्तुस्थिती: मतदान, सरकारी नोकरीतली समान संधी, देशात कुठेही वास्तव्य हे हक्क फक्त नागरिकांचे आहेत. पण कायद्यापुढे समानता (अनुच्छेद 14) आणि जीवित व स्वातंत्र्य (अनुच्छेद 21) हे हक्क ‘व्यक्ती’ला आहेत. हावडा स्थानकातल्या यात्री निवासात एका बांगलादेशी महिलेवर बलात्कार झाला होता. ती नागरिक नाही, ही रेल्वेची सबब सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली फेटाळली आणि तिला 10 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश कायम ठेवला. उद्या ऑरिकमध्ये येणाऱ्या जपानी अभियंत्याला मत देता येणार नाही, पण पोलिसांना त्याला कायद्याबाहेर जाऊन वागवता येणार नाही.

गैरसमज 4: परदेशी गेलं की मत जातं, आणि ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड म्हणजे दुहेरी नागरिकत्व.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. भारतीय पासपोर्ट कायम असलेला, दुबईत काम करणारा माणूस 2011पासून नमुना 6अ भरून पासपोर्टवरच्या पत्त्यावर मतदार होऊ शकतो. मेख अशी की, मतदानाच्या दिवशी मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः केंद्रावर यावं लागतं. विमानाचं तिकीट ज्याला परवडेल, त्यालाच हा हक्क वापरता येतो. याउलट अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसाचं भारतीय नागरिकत्व संपतं. ओसीआय कार्डावर त्याला व्हिसाशिवाय येता येतं, राहता येतं. मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

गैरसमज 5: ऑरिकचा कारभार आपण निवडून दिलेले लोक पाहतात.

वस्तुस्थिती: नियोजन, भूखंडवाटप, पाणी-रस्ते हे सारं महाराष्ट्र इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड (पूर्वीची औरंगाबाद इंडस्ट्रियल टाउनशिप लिमिटेड) या कंपनीकडे आहे. तिच्यात एमआयडीसीचा वाटा 51 टक्के, तर केंद्राच्या औद्योगिक मार्गिका न्यासाचा 49 टक्के. ग्रामपंचायतीचे सदस्य मतदार निवडतात. या कंपनीचे संचालक नेमले जातात. कंपनीला अधिकार कायद्याने मिळाले आहेत, म्हणून ती बेकायदेशीर ठरत नाही. पण जमीन गेलेला शेतकरी तिला मतपेटीतून थेट जाब विचारू शकत नाही. सत्ता कायदेशीर असणं वेगळं आणि ती लोकांना उत्तरदायी असणं वेगळं.

भांडवलासाठी सीमा सैल झाल्या, माणसासाठी नाही. टोयोटाला बिडकीनमध्ये जागा मिळते. बिडकीनच्या पोराला जपानमध्ये काम करायचं तर व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. जन्म कुठे झाला यावर संधी ठरते, आणि जगभरच्या माणसांना समान संधी देणारी कोणतीही मतपेटी आज नाही. ती येईल तेव्हा येईल. तोवर हातात आहे ते वापरावं: मतदार यादीत आपलं नाव तपासावं, शेजारच्या खोलीतल्या कामगारालाही नोंदणीची माहिती द्यावी, आखातात जाण्याआधी एजंटची नोंदणी ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहावी, आणि वर्षातून किमान चार वेळा होणाऱ्या ग्रामसभेत कंपनीच्या कारभाराबद्दल प्रश्न लेखी मांडावेत.