दीड मिनिटाचं भावगीत

संपादकांनी फोनवर विषय ऐसपैस दिला होता: मराठी टीव्ही, एका चाहत्याच्या नजरेतून. मी म्हटलं, चाहते पुष्कळ आहेत, मी लिहीन ते शीर्षकगीतांवर. पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "चालेल, पण मालिकांबद्दलही थोडं येऊ द्या." येऊ देतो. थोडंच.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून मुंबई केंद्र सुरू झालं इथपासूनची पोथी दर दिवाळीला कुठल्या ना कुठल्या अंकात उघडली जाते. स्मिता पाटील, भक्ती बर्वे, अनंत भावे, प्रदीप भिडे यांच्या बातम्या, 'गजरा', 'किलबिल', 'ज्ञानदीप', 'आमची माती आमची माणसं', 'साप्ताहिकी'. तुम्हांला ती पाठ आहे, मलाही आहे. एवढंच सांगतो की गिरगावातल्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकुलता एक टीव्ही होता, लाकडी शटरवाला, आणि शटर सरकवायचा मान घरमालकांच्या आईचा. आम्ही पोरं गॅलरीत गोट्या खेळत असायचो. आतून कार्यक्रमाच्या सुरुवातीचं संगीत ऐकू आलं की खेळ तसाच टाकून पळायचं, दारात चपला काढायच्या आणि मिळेल त्या फरशीवर मांडी ठोकायची. चित्र मागाहून दिसे. टीव्ही ही मुळात ऐकण्याची गोष्ट आहे हे माझं मत त्या गॅलरीत बनलं. त्यावरून घरी आणि दारी बरीच भांडणं झाली, मत तेच आहे.

मामांनी दुबईहून टेपरेकॉर्डर आणला आणि माझ्या आयुष्याला दिशा मिळाली, असं आमच्या घरी उपहासानं म्हणतात. तोवर आमच्याकडेही टीव्ही आला होता. पद्धत अशी: स्टुलावर उशी, उशीवर टेप, टेपचा माईक टीव्हीच्या स्पीकरपासून बरोबर एक वीत. जवळ नेला तर आवाज फाटतो, लांब ठेवला तर पंखा येतो. म्हणून पंखा बंद. 'लाल बटण आणि प्ले' एकदम दाबायचं, आणि दीड मिनिट घरात कुणी बोलायचं नाही. आई स्वयंपाकघरातून विचारायची, "संपलं का रे तुझं? फोडणी घालू?" हा प्रश्न माझ्या संग्रहातल्या निदान सहा गाण्यांच्या शेवटी आहे. वडिलांची शिंक तर एका गाण्यात इतकी नेमकी समेवर पडली आहे की आता ती वगळून गाणं अपुरं वाटतं.

हिंदी भाग मी भराभर संपवतो. 'हम लोग', 'बुनियाद', 'नुक्कड', मग रविवार सकाळचं 'रामायण' आणि 'महाभारत' यांवर इतकं लिहून झालंय की शाईसुद्धा कंटाळली असेल. थांबतो तो फक्त 'भारत एक खोज'पाशी. १९८८ सालची श्याम बेनेगलांची त्रेपन्न भागांची मालिका. तिची सुरुवात ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तानं व्हायची, संगीत वनराज भाटिया यांचं. सृष्टी होण्याआधी काय होतं, हा प्रश्न आमच्या बैठकीच्या खोलीत भाजी निवडता निवडता ऐकला जायचा. सूक्तापाठोपाठ यायचा तो त्याचा हिंदी अनुवाद वसंत देवांचा. 'सारांश'च्या गीतासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेला हा मराठी माणूस. त्याचं नाव आज किती जणांना आठवतं? मी एका समारंभात हा प्रश्न जाहीरपणे विचारला होता. सभागृहातून एक हात वर आला, तोही पाणी मागण्यासाठी.

आता मुद्द्यावर येतो. मराठी भावगीत ऐंशीच्या आसपास संपलं, असा सिद्धांत आपल्याकडे प्रतिष्ठित आहे. तो मांडणाऱ्या एका ज्येष्ठ समीक्षकांबरोबर मी एका परिसंवादात बसलो होतो. तबकड्या गेल्या, आकाशवाणीचा दरारा ओसरला, कवी आणि संगीतकार यांची जोडी फुटली, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरीवर माझा आक्षेप आहे. भावगीत संपलं नाही, त्यानं बिऱ्हाड बदललं. रेडिओवरून ते मालिकेच्या नामावलीखाली राहायला आलं, तीन अंतऱ्यांचं घर सोडून एका अंतऱ्याच्या खोलीत. समीक्षक जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावत राहिले आणि आत कुणी नाही म्हणून श्रद्धांजली वाहून परतले.

पुरावा हवा? 'गोट्या' घ्या. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या दूरदर्शनवर आला तेव्हा शीर्षकगीत लिहिलं मधुकर आरकडे यांनी, चाल अशोक पत्कींची. अनाथ मुलाची गोष्ट, पण गाण्यात रडगाणं नाही. जमीन, बी, ओल आणि रुजणं, बस. आमच्या शेजारच्या काकू मालिका संपल्यावरही पोळ्या लाटताना ते गुणगुणायच्या आणि लाटण्याचा ठेका त्याला बरोबर बसायचा. किंवा 'महाश्वेता' घ्या. कविता ग्रेस यांची, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज लताबाईंचा. ग्रेस दुर्बोध आहेत म्हणून प्राध्यापक मंडळी मान हलवत होती त्या काळात ग्रेस यांचे शब्द घराघरांत चहाबरोबर पोचत होते. कुणी अर्थ विचारला नाही. आमच्या सौ.ला मी विचारला, तर म्हणाली, "अर्थ कशाला हवा? ऐकलं की पोटात कालवतं, पुरे." समीक्षा याहून फार पुढे जाते असं मला वाटत नाही.

दूरदर्शनची भक्तमंडळी इथे टाळ्या वाजवतील. त्यांना आता नाराज करतो. शीर्षकगीतांची नोंद मी एका वहीत ठेवतो. त्या वहीतली उत्तम गाणी दूरदर्शनच्या काळातली नाहीत. ती खासगी वाहिन्यांच्या पहिल्या सात-आठ वर्षांतली आहेत. १९९९ साली 'अल्फा मराठी' आली आणि 'आभाळमाया' सुरू झाली. शब्द मंगेश कुळकर्णींचे, चाल पुन्हा पत्कींची, आवाज देवकी पंडित यांचा. हे गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय आणि तरी दर वेळी एका गोष्टीचं नवल वाटतं: त्यात मालिकेतला एकही प्रसंग नाही. नायिका सुधा जोशी नाही, तिच्या मुली नाहीत, संसार कसा मोडणार याची सूचना नाही. आहे ती नुसती माया, तिचं लागणं आणि तिचं पुरून उरणं. लेखकाला पुढच्या चार वर्षांत कथा कुठेही न्यायला मोकळीक, आणि गाणं कधी खोटं पडणार नाही. किशोरीताई आणि अभिषेकीबुवांकडे शिकलेला गळा, पण ताना नाहीत, करामत नाही. आवाज खाली ठेवलेला, जणू शेजारच्या खोलीत कुणी झोपलंय.

यातली मेख पत्कींना नेमकी ठाऊक होती, कारण ते जिंगल्सच्या कारखान्यातून आलेले. 'मिले सुर मेरा तुम्हारा'मागेही तेच आहेत. जिंगल्स करणाऱ्याला सेकंद मोजता येतात. जाहिरातीची धून मात्र चटकन पकडते आणि चटकन विटते. दैनंदिन मालिकेचं गाणं आठवड्याला पाचदा, म्हणजे वर्षाला अडीचशेहून जास्त वेळा कानावर पडणार. पहिल्या दिवशी डोळे दिपवणारी चाल तिसऱ्या महिन्यात डोकं उठवते. म्हणून पहिल्या ऐकण्यात ती जराशी कमी पडावी लागते. 'वादळवाट' सुरू झाली तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, 'ठीक'. दोन महिन्यांनी त्यावर काट मारून पुढे नुसतं उद्गारचिन्ह काढलंय. पुढची काही वर्षं मी रोज नऊच्या सुमाराला हातातलं काम टाकायचो, मालिका पाहायला नव्हे. गाणं संपलं की जेवायला.

पुढचा पट्टा पटकन. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली. तिच्या सहनशक्तीला, म्हणजे प्रेक्षकांच्या, माझा नमस्कार. २००८-०९ चे 'लिटिल चॅम्प्स' आम्हीही डोळ्यांत पाणी आणून पाहिले, कार्तिकी जिंकली तेव्हा शेजाऱ्यांनी पेढे वाटले. विनोदी कार्यक्रमांबद्दल मला मत नाही, म्हणजे आहे, पण संपादक छापणार नाहीत.

आणि आता? मालिकेचं नावच जुन्या गाण्यातून उचललेलं, त्यामुळे नवं गाणं जन्मतःच उसनं. ते पहिल्या आठवड्यात पूर्ण लागतं, दुसऱ्यात अर्धं, महिन्याभरात उरते ती नाव पडद्यावर आपटल्याची एक धडाम. नामावली तर इतक्या बारीक अक्षरांत पळते की गीतकाराचं नाव वाचायला मी मोबाइलवर फोटो काढतो आणि बोटांनी मोठा करतो. मोबाइलवर मालिका पाहणाऱ्यांची तर और तऱ्हा. नात माझ्याबरोबर एक मालिका पाहायला बसली, गाणं सुरू होताच तिनं अंगठा टेकवला आणि गाणं गेलं. मी म्हटलं, "अगं, काय केलंस?" तर म्हणे, "आजोबा, स्किप केलं. काही होत नाही त्यात." मी तिला मागे जायला लावलं. तिनं ऐकलं, सभ्यपणे, पाहुण्यांकडे फराळ खावा तसं.

माझ्या वहीत आजमितीस दोनशे बारा नोंदी आहेत. कॅसेटी गोदरेजच्या कपाटात, गाद्यांच्या वरच्या खणात. दमट हवेत काहींना बुरशी आली, त्या मी एका कारागिराकडून साफ करून घेतल्या. त्यानं त्यातल्या दोन म्हणून आपल्याच नवीन डब्यांत घालून कॅसेटी परत दिल्या, आणि डबे उघडल्यावर आत भलत्याच लग्नाची सनई निघाली. दूरदर्शनकडेही जुनं सगळं शाबूत नाही. टेपा महाग, त्यामुळे एकीवरच पुसून पुन्हा चित्रण व्हायचं. म्हणजे काही गोष्टी उरल्या असतील तर त्या माझ्यासारख्या खुळ्यांच्या कपाटांतच.

नोंद क्रमांक एक अजून अपुरी आहे. 'चिमणराव'ची सुरुवात. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे पडद्यावर यायच्या आधीचं संगीत. टेपरेकॉर्डर नवा होता, लाल बटणाबरोबर प्ले दाबायचं असतं हे मला उशिरा कळलं, आणि माझ्याकडे शेवटचे अकरा सेकंद तेवढे आले, त्यातही चार सेकंद मामा, "अरे, दोन्ही दाब, दोन्ही!" म्हणून ओरडतायत. कुणाच्या कपाटात ते सबंध असेल तर अंकाच्या पत्त्यावर कळवा. कॅसेट मी स्वतः येऊन नेईन, आठ दिवसांत परत करीन, आणि तुमच्याच डब्यात.