बिनतारी कंट्रोलर आणि स्पर्धेतील व्यत्यय

व्हिडिओ गेमच्या स्पर्धांत बिनतारी कंट्रोलरमुळे येणाऱ्या व्यत्ययास सरसकट लहरींचा गोंधळ म्हटले जाते. वस्तुतः त्यात दोन भिन्न कारणांची सरमिसळ झालेली असते.

पहिले कारण गर्दीचे. असे बहुतेक कंट्रोलर वाय-फायप्रमाणेच २.४ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात चालतात. निन्टेंडोच्या वेव्हबर्ड (२००२) कंट्रोलरवर १६ वाहिन्यांची चकती होती. शेजाऱ्याने तीच वाहिनी निवडली की घोटाळा ठरलेला. ब्लूटूथ ७९ वाहिन्यांमधून सेकंदाला १६०० उड्या घेत ही अडचण बरीच टाळते. तथापि भरलेल्या सभागृहात काही संदेश पुन्हा पाठवावे लागतात. आणि सेकंदाला ६० चौकटी दाखवणाऱ्या द्वंद्वखेळात एका चौकटीचा, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांचा, विलंबही बचाव हुकवू शकतो.

दुसरे कारण लहरींचे नव्हेच, राहून गेलेल्या जोडणीचे आहे. प्लेस्टेशन ४ शी जोडलेला कंट्रोलर सामना संपल्यावर तसाच पिशवीत गेला व त्याचे मधले बटण दाबले गेले, तर तो त्याच कन्सोलशी पुन्हा संपर्क साधतो आणि तेथे चाललेला परक्यांचा सामना खंडित होतो. यंत्र येथे आज्ञाधारकच असते! सामना थांबवणाऱ्या खेळाडूची फेरी बाद करण्याचा नियम अनेक स्पर्धांत आढळतो. परंतु येथील दोषी मंचावर नसतोच, कदाचित चहा घेत असतो. केवळ केबलची सक्ती करूनही भागत नाही, कारण या कन्सोलला केबल लावतानाच ब्लूटूथची जोडणीही होऊन जाते. जागा सोडण्यापूर्वी कन्सोलच्या सेटिंग्जमधून ती काढून टाकणे, हाच खात्रीचा उपाय होय.