पॉवर काइट : उडवण्याआधी

• वेगळेपण : संक्रांतीच्या पतंगाला एक दोर, पॉवर काइटला, म्हणजे जोरात ओढणाऱ्या पतंगाला, दोन किंवा चार. चार दोरांत दोन ओढीचे, दोन ब्रेकचे; पुढच्या सूचना चार दोरांच्या पतंगासाठी. मांजा इथे चालत नाही. दोर डायनीमा या धाग्याचे, जवळपास न लांबणारे. ताणलेला दोर बोट कापू शकतो.

• ओढ : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. नवख्याने लहान पतंग, मंद वारा आणि मोकळे मैदान किंवा किनारा निवडावा. जवळ विजेच्या तारा, झाडे, माणसे नकोत. ढग गडगडले तर बेत रद्द.

• मांडणी : वारा पाठीवर घ्या. पतंग समोर उताणा, मागची कड आपल्याकडे. तिच्यावर ओंजळभर वाळू. दोरांचा पीळ काढा, डावे-उजवे तपासा. मनगटाला सुरक्षा-पट्टा हवाच.

• उड्डाण : दोर ताणत मागे सरका, पतंगाच्या कप्प्यांत हवा भरते, पतंग उठतो. नेमका समोर असताना ओढ सर्वाधिक, डोक्यावर किंवा कडेला कमी.

• उतरवणे : पतंग कडेला न्या, दोन्ही ब्रेक ओढा. खाली येताच त्यावर वाळू टाका. आवरेनासा झाला तर हँडल सोडा : पट्ट्याने ब्रेकचे दोर ओढले जातात आणि पतंग लुळा पडतो.

• जुनी गोष्ट : ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक यांनी पतंगाने ओढल्या जाणाऱ्या गाडीचे पेटंट 1826 मध्ये घेतले.