अकरा मिलिग्रॅमांचा फरक

अनुमापनाचा प्रयोग चालू आहे. पहिल्या वेळी ब्यूरेटमधून १०.३ मिलिलिटर द्रावण लागले, दुसऱ्या वेळी १०.१ आणि तिसऱ्या वेळी १०.२. प्रयोगवहीत मात्र पुष्कळदा १०.२, १०.२, १०.२ अशी तीन सारखी वाचने उतरतात. वाचने जुळली की प्रयोग चांगला झाला, अशी समजूत असते. शिवाय एक-दोन दशांशांनी असे काय बिघडणार, असेही वाटते.

एवढ्याशा फरकात काय दडलेले असू शकते, हे रसायनशास्त्राच्या इतिहासातील एका प्रसंगावरून कळते. पण तो समजण्यासाठी प्रथम आपल्या प्रयोगशाळेतील साधी उपकरणे थोडी जवळून पाहू.

उपकरण किती सांगू शकते?

१०० मिलिलिटरच्या मोजपात्रावर बहुधा एकेका मिलिलिटरच्या खुणा असतात. दोन खुणांमधले अंतर नजरेने विभागून आपण अर्ध्या मिलिलिटरपर्यंत अंदाज करू शकतो. ५० मिलिलिटरच्या ब्यूरेटवर ०.१ मिलिलिटरच्या खुणा असतात आणि तेथे ०.०५ मिलिलिटरपर्यंत वाचता येते. ब्यूरेटच्या टोकाशी तयार होणारा एक थेंबही साधारण तेवढाच असतो. म्हणून ब्यूरेटचे वाचन '१०' असे न लिहिता '१०.००' असे लिहावे. त्या दोन शून्यांचा अर्थ असा, की आपण शंभराव्या भागाकडेही लक्ष दिले आहे. उलट मोजपात्राने मोजलेले पाणी '५०.०० मिलिलिटर' लिहिणे चुकीचे, कारण ते पात्र तेवढे सांगूच शकत नाही.

ब्यूरेट आपण दोनदा वाचतो, सुरुवातीला आणि शेवटी. प्रत्येक वेळी ०.०५ मिलिलिटरची चूक शक्य धरली, तर दोन्ही मिळून ती ०.१ मिलिलिटरपर्यंत जाऊ शकते. लागलेले द्रावण १० मिलिलिटर असेल तर ही चूक शेकडा १ होते. २५ मिलिलिटर असेल तर शेकडा ०.४ च. हत्यार तेच, हात तेच, पण प्रयोगाची आखणी नीट केल्याने विश्वास वाढला!

वाचताना डोळा द्रवाच्या पातळीत असावा. पाण्याचा पृष्ठभाग कडेला काचेवर चढतो आणि मध्ये खोलगट राहतो. त्याचा सर्वांत खालचा भाग वाचावा. पोटॅशियम परमँगनेटसारख्या गडद द्रावणात तो दिसत नाही, म्हणून तेथे वरची कड वाचतात, पण सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरचीच. डोळा वर ठेवून पाहिले तर मोजपात्रातील वाचन खऱ्यापेक्षा जास्त येते. ब्यूरेटचे आकडे वरून खाली वाढत जातात, त्यामुळे तेथे ते कमी येते.

दोन जातींच्या चुका

मोजमापातल्या चुका दोन जातींच्या असतात. पहिली जात इकडून तिकडे हेलकावणारी. थेंब कधी थोडा लवकर पडतो, कधी उशिरा. नजर कधी वर जाते, कधी खाली. प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि सरासरी काढली, की या चुका बऱ्याच अंशी एकमेकींना खोडतात.

दुसरी जात अधिक फसवी असते. समजा, पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब एखादा विद्यार्थी दर वेळी फुंकून टाकतो. साधी पिपेट तो थेंब आत राहणार असे धरूनच खुणावलेली असते. त्यामुळे त्याचे प्रत्येक माप थोडे जास्तच येणार. त्याने प्रयोग शंभर वेळा केला, तरी शंभर उत्तरे एकमेकांशी छान जुळतील आणि सगळी सारखीच चुकीची असतील. वाचने एकमेकांशी जुळणे वेगळे आणि ती खरी असणे वेगळे.

तापमानही अशीच चूक करवते. आपल्याकडील अनेक मोजकुप्यांवर २७ अंश सेल्सिअस असे छापलेले दिसेल. त्या तापमानाला तिचे माप बरोबर असते. पाणी २७ अंशांवरून ४० अंशांपर्यंत तापले, की ते सुमारे शेकडा ०.४ ने प्रसरण पावते. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी तयार केलेले द्रावण म्हणूनच सकाळच्या द्रावणाशी तंतोतंत जुळणार नाही.

अशी कायमची चूक पकडायची कशी? तोच प्रयोग त्याच रीतीने पुन्हा करून ती सापडत नाही. रीत बदलावी लागते. आता त्या प्रसंगाकडे वळू.

रॅले यांचा चंबू

इंग्लंडमधील पदार्थवैज्ञानिक लॉर्ड रॅले वायूंच्या घनता अतिशय काळजीपूर्वक मोजत होते. मूलद्रव्यांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटीत असतात काय, हे त्यांना तपासायचे होते. पद्धत सरळ होती. सुमारे १.८ लिटरचा काचेचा चंबू निर्वात करून तोलायचा, मग ठरावीक तापमानाला आणि दाबाला वायू भरून पुन्हा तोलायचा.

सरळ, पण सोपी नव्हे. एवढा चंबू स्वतःच सुमारे २.२ ग्रॅम हवा बाजूला सारतो आणि त्या प्रमाणात हलका भासतो. हवेचा दाब शेकडा १ ने बदलला, तरी हे हलकेपण २२ मिलिग्रॅमने बदलते. यावर उपाय म्हणून तराजूच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच आकारमानाचा दुसरा बंद चंबू ठेवतात. मग हवेतला बदल दोन्ही बाजूंना सारखाच लागू होतो. निर्वात केलेला चंबू बाहेरील हवेच्या दाबाने किंचित आक्रसतो, हेही रॅले यांनी हिशेबात धरले होते.

१८९२ साली ते नायट्रोजनकडे वळले. त्यांनी तो दोन रीतींनी मिळवला. एका रीतीत हवा तापलेल्या तांब्यावरून नेऊन तिच्यातला ऑक्सिजन काढून टाकला. दुसऱ्या रीतीत हवेबरोबर अमोनिया मिसळून दोन्ही तापलेल्या तांब्यावरून नेले. येथे ऑक्सिजनचे अमोनियातील हायड्रोजनशी संयोग होऊन पाणी बनते. दुसऱ्या रीतीचा नायट्रोजन पहिल्यापेक्षा सुमारे हजारात एक भाग हलका निघाला.

सरासरी काढून हा फरक बुजवता आला असता. रॅले यांनी उलट केले. फरक खरा असेल तर तो वाढवता आला पाहिजे, असा त्यांनी विचार केला. दुसऱ्या रीतीतला फक्त सातवा हिस्सा नायट्रोजन अमोनियातून येत होता, बाकीचा हवेतलाच होता. म्हणून हवेऐवजी त्यांनी शुद्ध ऑक्सिजन वापरला. आता सगळा नायट्रोजन अमोनियाचा होता, आणि फरक वाढून सुमारे दोनशेत एक झाला! त्यांनी 'नेचर' या नियतकालिकात पत्र लिहून हे कोडे जाहीरपणे मांडले आणि रसायनशास्त्रज्ञांकडून सूचना मागवल्या.

हलक्या नायट्रोजनमध्ये थोडा हायड्रोजन राहिला असेल काय? ही शंका तपासण्यासाठी त्यांनी मुद्दाम हायड्रोजन मिसळून पाहिला. शुद्धीकरणात तो निघून जात होता. मग त्यांनी रीती आणखी बदलल्या. हवेतला ऑक्सिजन कधी तापलेल्या तांब्याने, कधी तापलेल्या लोखंडाने, तर कधी फेरस हायड्रॉक्साइडने काढला. तेव्हा चंबूतील वायूचे वजन अनुक्रमे २.३१०३, २.३१०० आणि २.३१०२ ग्रॅम भरले. निरनिराळ्या संयुगांपासून मिळवलेल्या नायट्रोजनची वजने २.२९८५ पासून २.३००१ ग्रॅमपर्यंत आली आणि त्यांची सरासरी २.२९९० होती.

या आकड्यांकडे नीट पाहा. प्रत्येक गटातली वजने आपसात फार तर एक-दीड मिलिग्रॅमने वेगळी आहेत. दोन गटांमध्ये मात्र ११ मिलिग्रॅमांची दरी आहे. आपल्या मोजमापात किती डळमळ आहे हे ठाऊक असल्यामुळेच रॅले खात्रीने म्हणू शकले, की हे ११ मिलिग्रॅम मोजण्यातली चूक नव्हेत. हवेतल्या नायट्रोजनबरोबर आणखी काहीतरी असले पाहिजे.

आळशी वायू

विल्यम रॅम्झी यांनी हवेतला नायट्रोजन तापलेल्या मॅग्नेशियमवरून पुन्हा पुन्हा नेला. नायट्रोजन मॅग्नेशियमशी संयोग पावत गेला आणि शेवटी कशाशीच संयोग न पावणारा थोडा वायू उरला. त्याच्या वर्णपटातील रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याच्या नव्हत्या. ऑगस्ट १८९४ मध्ये दोघांनी हा शोध जाहीर केला. 'आळशी' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्या वायूला अरगॉन हे नाव मिळाले. १९०४ साली रॅले यांना पदार्थविज्ञानाचे आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गंमत अशी, की १७८५ सालीच हेन्री कॅव्हेंडिश यांनी हवेत जादा ऑक्सिजन घालून विजेच्या ठिणग्या पाडल्या होत्या आणि शेवटी एक लहानसा बुडबुडा काही केल्या नाहीसा होत नाही, हे पाहिले होते. तो नायट्रोजनच्या १२० व्या भागाहून जास्त नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले. शंभरांहून अधिक वर्षांनी रॅले यांनी त्याच रीतीने प्रयोग करून तो बुडबुडा पुन्हा मिळवला.

हिशेब तुम्हीही करून पाहू शकता. हवेतून ऑक्सिजन काढल्यावर उरलेल्या वायूत अरगॉन आकारमानाने सुमारे शेकडा १.२ असतो. अरगॉनचा रेणुभार ४० आणि नायट्रोजनचा २८, म्हणजे अरगॉन सुमारे शेकडा ४३ ने जड. तेव्हा हे मिश्रण शुद्ध नायट्रोजनपेक्षा १.२ गुणिले ०.४३, म्हणजे सुमारे शेकडा ०.५ ने जड असले पाहिजे. २.२९९० ग्रॅममध्ये ११ मिलिग्रॅम म्हणजे तेवढेच!

करून पाहा

कोरडे चंचुपात्र तोला. रबरी फुगा लावलेल्या पिपेटने, तोंडाने न ओढता, त्यात १० मिलिलिटर पाणी सोडा आणि पुन्हा तोला. असे पाच वेळा करा. मग तेच मोजपात्राने पाच वेळा करा. दहाही वजने जशी येतील तशी मांडा. एकही खोडू नका. पाण्याचे तापमान २७ अंशांच्या आसपास असेल, तर प्रत्येक वजन सुमारे ९.९६ ग्रॅम यायला हवे. कोणत्या उपकरणाची वजने आपसात जास्त जुळतात, आणि कोणाची सरासरी ९.९६ च्या जवळ येते? ही दोन्ही उत्तरे एकाच उपकरणाकडे बोट दाखवतीलच असे नाही.

शिक्षकांनाही एक विनंती. सबंध वर्गाची वाचने फळ्यावर एकत्र मांडावीत आणि वेगळे वाचन आलेल्या विद्यार्थ्याला ते खोडायला न लावता त्याचे कारण शोधायला सांगावे. बहुतेक वेळा ब्यूरेटच्या तोटीखाली अडकलेला हवेचा बुडबुडा किंवा विसरून वर ठेवलेले नरसाळे सापडेल. तेही शोधून काढणे हा प्रयोगाचाच भाग आहे, आणि खरे वाचन वहीत असल्याशिवाय तो शोध सुरूच होत नाही.