अंगणातला एरंड: झाड वाढवा, तुरा कापा



मागच्या दोन भागांत माझ्या खुर्चीमागे एक मोठं तांबूस पान डोलत होतं. विषय होता कुंडीतल्या मातीचा, पण निम्म्या लोकांनी विचारलं ते त्या पानाबद्दल. "पपई लाल कशी?" असंही एकानं विचारलं. ती पपई नाही, एरंड आहे. हिंदी मुलखात अरंडी किंवा रेंडी, हैदराबादेत आमुदम, बंगळुरात हरळु आणि आमच्या बडोद्यात दिवेला म्हणतात तेच हे झाड.

मराठी माणसानं एरंडाला कधी मान दिला नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' म्हणतो, रटाळ बोलण्याला 'एरंडाचं गुऱ्हाळ' म्हणतो. पण व्हिक्टोरियन काळात इंग्लंडमध्ये लोक हेच झाड केवळ पानांच्या रुबाबासाठी हौसेनं बागेत लावत. आपल्याकडे ते उकिरड्यावर उगवतं म्हणून त्याची किंमत नाही. नीट लावलं, खाऊ-पिऊ घातलं, तर एका पावसाळ्यात दहा-अकरा फूट जातं. माझ्या झाडाचं सर्वांत मोठं पान मी टेपनं मोजलं, 22 इंच भरलं.

आधी लावणी सांगतो, मग इशारा. इशारा ऐकल्याशिवाय मात्र बी पेरू नका.

बी जूनमध्ये, पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेरायचं. आदल्या दिवशी चोवीस तास पाण्यात भिजवा, कवच टणक असतं. ते पाणी झाडाला घालू नका, मोरीत ओता आणि भांडं स्वयंपाकाचं नको. जमिनीत दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घेऊन त्यात शेणखत मिसळा, बी इंचभर खोल टाका. ऊबदार मातीत आठ-पंधरा दिवसांत उगवतं. याचं मूळ सरळ खाली जातं, म्हणून रोप उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला आवडत नाही. जागेवरच पेरा, नाहीतर कागदी कपात पेरून कपासकट जमिनीत ठेवा.

दिवसाचे सहा तास तरी ऊन हवं. सावलीत झाड नुसतं लांबुडकं होतं. पाणी साचलेलं अजिबात चालत नाही, मुळं कुजतात. भिंतीपासून पाच-सहा फूट लांब लावा आणि गुडघ्याएवढं झालं की जाड बांबू रोवून सैल बांधा. खोड आतून पोकळ असतं आणि वर एवढी पानं, म्हणजे वाऱ्याला शिडच मिळालं. पहिल्या वर्षी मी बांबू लावला नाही. ऑगस्टच्या एका वादळी रात्रीनंतर सकाळी पाहिलं तर झाड शेजारच्या बेनच्या तुळशीवृंदावनावर आडवं. त्या काही बोलल्या नाहीत, पण आठवडाभर चहाही पाठवला नाही.

पानं मोठी हवीत तर दर पंधरा दिवसांनी शेणखताचं किंवा पेंडीचं पाणी द्या. गच्चीवर लावायचं तर दोनशे लिटरचा ड्रम अर्धा कापून घ्या, त्यात पाच-सहा फुटांचं होईल. बाल्कनीच्या कुंडीत मात्र हौस करू नका. दिल्ली, डेहराडून, चंदीगडकडे थंडीत दहिवर पडलं की झाड काळं पडून मरतं, तिथं ते एका हंगामाचं समजा. बडोदा, इंदूर, हैदराबादेत ते वर्षानुवर्षं टिकतं आणि दुसऱ्या वर्षी बेढब होतं. मी दर वर्षी नवीनच लावतो.

कीड म्हणाल तर उंटअळी. एका आठवड्यात पानांच्या नुसत्या शिरा ठेवते. सकाळी पानं उलटून बघायची आणि अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकायच्या. बुलबुल आणि साळुंक्या उरलेलं काम करतात. आसाममध्ये माझी पोस्टिंग होती तेव्हा मी याच पानांवर मुद्दाम अळ्या पोसणारी घरं पाहिली. एरी रेशमाचा किडा तो. 'एरी' हे नावच तिथल्या एरंडाच्या नावावरून आलेलं. तिथं पान खाल्लं गेलं की घरात पैसे येतात, इथं मी चिमट्यानं अळ्या काढतो.

आता इशारा. एरंडाच्या बीमध्ये रायसीन नावाचं प्रथिन असतं. निसर्गात सापडणाऱ्या अत्यंत जहाल विषांपैकी ते एक. नोकरीत असताना एका कोर्समध्ये रासायनिक अस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराची यादी आम्हांला शिकवली होती. तिच्या पहिल्या अनुसूचीत नर्व्ह गॅस आणि मस्टर्ड गॅसच्या पंगतीत रायसीन बसलेलं आहे. मी ते पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, आणि तीस वर्षांनी तेच झाड फाटकाजवळ, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून लावलं.

मग दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत जे घडलं ते सांगतो. ऑक्टोबरात मी जुन्या पलटणीच्या मेळाव्याला पंधरा दिवस गेलो होतो. तोवर तुऱ्यावरची काटेरी बोंडं वाळली. जंगली जातीची बोंडं वाळली की तडकतात आणि बिया काही फुटांवर उडतात. ओट्यावर, पायऱ्यांवर, सगळीकडे बिया. दिसायला फार सुंदर, गुळगुळीत, करड्या रंगावर तपकिरी नक्षी. लॅटिनमध्ये 'रिसिनस' म्हणजे गोचीड, कारण बी हुबेहूब फुगलेल्या गोचिडीसारखं दिसतं. पण चार वर्षांच्या मुलाला गोचीड कशी दिसणार? त्याला मणी दिसले.

माझ्या नातवानं ते खेळण्यातल्या ट्रकमध्ये भरले होते. मी रिक्षातून उतरलो तेव्हा तो ओट्यावर बसून थुंकत होता. "आबा, हा मणी कडू आहे."

दवाखान्यात डॉक्टरांनी तीनच गोष्टी विचारल्या. किती, कधी, चावली की गिळली? चावली का हा प्रश्न महत्त्वाचा. टणक कवचासकट बी गिळलं गेलं तर कधी कधी तसंच बाहेर पडतं. चावलं की विष मोकळं होतं. आम्हांला तिन्ही उत्तरं नक्की देता येईनात. ट्रकमधल्या बिया मोजल्या, पण मुळात किती होत्या हे कोणाला माहीत? अर्धवट चावलेलं एक बी लेकीनं त्याच्या तोंडातून काढून रुमालात आणलं होतं, तेवढाच पुरावा. यावर उतारा नाही. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही तासांनी उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात, जुलाबात रक्तही जातं. म्हणून मुलगा आता ठीक आहे यावर विश्वास ठेवून घरी थांबायचं नाही. ओकारी काढायला बोटं घालायची नाहीत. बीचा नमुना घेऊन सरळ इस्पितळ. दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, डॉक्टर तिथं विचारू शकतात.

रात्रभर त्याला देखरेखीखाली ठेवलं. काही झालं नाही. त्यानं ते थुंकलं होतं म्हणून वाचला. घरी आल्यावर सौ. मला एवढंच म्हणाल्या, "अहो, बॉर्डरवर सुरुंग पेरताना नकाशा ठेवायचात ना?"

ठेवायचो. सुरुंगाचा नियम असा की पेरला तो मोजायचा, खूण करायची आणि काढण्याची जबाबदारी ठरवायची. आता एरंडालाही तोच नियम. माझ्याकडे अकरा बिया आहेत, हे मला माहीत आहे. डबीवर लाल अक्षरांत लिहिलेलं आहे आणि डबी कुलपात आहे.

झाड फाटकाजवळून मागच्या कुंपणाआत नेलं. ऑगस्टपासून दर रविवारी हातमोजे घालून तुरे बघतो. तुऱ्यावर वरच्या बाजूला मादी फुलं असतात, त्यांचे तांबडे धागे दिसले की तुरा मुळातून कापायचा. बोंड धरायच्या आधीच. एक कापला की बाजूच्या फांद्यांना दुसरे येतात, म्हणून हे काम हंगामभर चालतं. गावाला जायचं असेल तर जाण्याच्या दिवशी सकाळी सगळे तुरे कापायचे. पुढच्या वर्षासाठी बी हवं असेल तर एकाच तुऱ्यावर जाड कापडाची पिशवी घट्ट बांधा, तडकलं तरी आतच राहील. घरात रांगतं किंवा हाती येईल ते तोंडात घालणारं मूल असेल तर ही सगळी काळजीही पुरेशी नाही. ती दोन-चार वर्षं केळ लावा, कर्दळ लावा. पानं त्यांचीही मोठी असतात.

एरंडेल मग विषारी का नाही, हे नेहमी विचारतात. रायसीन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. बिया गाळल्या की ते पेंडीत राहतं. गुजरातेत तूरडाळ एरंडेल लावून वर्षभर साठवतात, आमच्याही घरी तशीच येते. पण घरच्या झाडाच्या बिया कुटून तेल काढायच्या फंदात पडू नका. आणि मघाशी पेंडीचं पाणी म्हणालो, ते कुत्रं पाळणाऱ्यांनी नीट ऐका. नर्सरीत मिळणारी एरंडी पेंड चांगलं खत आहे, पण बोनमीलमध्ये मिसळून वाफ्यात टाकली की वासानं कुत्री उकरून खातात आणि मरतात. त्यांनी निंबोळी पेंड वापरावी. एरंडाची पानं गायी-म्हशींपुढेही टाकू नका.

मोगली एरंड हे वेगळं झाड. कुंपणाला लावतात, त्याच्या चिकाचे पोरं फुगे करतात. त्याच्याही बिया विषारी, आणि चवीला गोडसर, म्हणून मुलं जास्त खातात.

फेब्रुवारीअखेर माझं झाड थकतं. होळीच्या मधोमध उभा करायला एरंड लागतो, म्हणून कॉलनीतली मुलं तो मागायला येतात. झाड मी स्वतः तोडतो, तुरा किंवा बोंड राहिलेलं नाही हे दोनदा बघतो आणि मगच त्यांच्या खांद्यावर देतो.

पुढच्या भागात कर्दळ. भेटू.