डबा सुरूत, उत्तर तटावर

१८ अंश ३२.२५० मिनिटे उत्तर, ७२ अंश ५४.५०० मिनिटे पूर्व. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून कोर्लईच्या डोंगराशी आलात, की तुम्ही या आकड्यांच्या आसपास पोचता. जिओकॅशिंगचा खेळ अशाच आकड्यांवर चालतो. कुणीतरी कुठेतरी डबा लपवतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि जसा होता तसा परत ठेवायचा. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी संबंध नाही. हा शब्द दडवून ठेवलेल्या साठ्यासाठी आहे. डबा बघून ‘पैसे कुठायत?’ असे पोरे विचारतातच, म्हणून आधीच सांगितले.

मे २००० पर्यंत हा खेळ शक्यच नव्हता. नागरी वापराच्या जीपीएस संदेशात अमेरिकी सरकार मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ एक बादली रानात ठेवली आणि तिचा ठावठिकाणा इंटरनेटवर टाकला. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली.

आता वरचे आकडे नीट बघा. अंश पूर्ण आहेत, दशांश आहे तो मिनिटांना. पहिल्यांदा मी ते घाईघाईत १८.३२२५० आणि ७२.५४५०० असे अंशांत भरले. नकाशाने मला इमानेइतबारे कोर्लईपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, अरबी समुद्रात नेऊन सोडले. मिनिटांना साठाने भागून मगच अंशांत मिळवायचे असतात: ३२.२५० भागिले ६० म्हणजे ०.५३७५, म्हणून खरा आकडा १८.५३७५. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, १,८५२ मीटर. म्हणजे शेवटच्या दशांशस्थानाचा एक आकडा चुकला, तर उत्तर-दक्षिण दोनेक मीटरांचा फरक. तेवढा चालतो. उघड्या आभाळाखाली फोन स्वतःच चार-पाच मीटर चुकतो, आणि तटाच्या उंच भिंतीशी त्याहून जास्त, कारण दगडावर आपटून आलेला संदेश त्याला लांबून आल्यासारखा वाटतो. म्हणून बाण शून्यावर आला की फोन खिशात टाकायचा आणि डोळे उघडायचे. नवखे लोक नेमके उलटे करतात, फोन हातात धरून गोल गोल फिरत बसतात.

कोर्लईसारख्या जागी डबा किल्ल्यात ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. तटाच्या सांध्यात एक डबा खुपसला, की शोधणारे दहा जण दहा दगड हलवतात. शिवाय जुन्या वास्तूत बेवारस डबा दिसला, तर लोक पोलिसांना फोन करतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. याला उपाय म्हणजे अनेक टप्प्यांचा कॅश. डबा खाली सुरूच्या बनात, जागामालकाला विचारून ठेवायचा (पुरायचा नाही, हा खेळाचा नियमच आहे) आणि त्याच्या आकड्यांतले शेवटचे दोन अंक किल्ल्याकडून घ्यायला लावायचे. समजा, कोड्यात लिहिले: ‘पोर्तुगीज लेखाच्या शिळेवरच्या सालाचे शेवटचे दोन अंक अ आणि ब, डबा ३२.३अब वर.’ मग माणसाला चढावेच लागते, शिळेपुढे उभे राहून झिजलेली अक्षरे बोटाने चाचपावी लागतात. हात लागतो तो डोळ्यांसमोरच्या लेखाला, आणि दगड जागचा हलत नाही.

वर गेल्यावर जागेचा मोका कळतो. एका अंगाला कुंडलिकेचे मुख, पलीकडे रेवदंड्याचा कोट, मागे मोकळा समुद्र. चौलच्या बंदरात शिरणारे जहाज या डोंगराच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून निजामशाहीला तो हवा होता आणि पोर्तुगीजांनाही. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला, १७४० मध्ये मराठ्यांकडे आला. छप्पर उडालेले चर्च अजून आत उभे आहे. पण पोर्तुगीजांचा खरा अवशेष पायथ्याच्या गावात आहे: तिथली ख्रिस्ती कुटुंबे आजही घरात पोर्तुगीज-मराठी मिसळलेली स्वतःची बोली बोलतात, तिला ‘नोलिंग’ म्हणजे ‘आपली भाषा’ म्हणतात. कोड्यातला एखादा प्रश्न गावात विचारल्याशिवाय सुटणार नाही असा ठेवला, तर ही बोली कानावर पडायची शक्यता वाढते.

खडकांवरून जायचे असेल तर आधी तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, म्हणजे बाराच्या आसपास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात दुपारी खडकावर कोडे सोडवत बसू नये.

डबा सापडला की आधी आजूबाजूला कुणी बघत नाही ना, एवढे पाहा. आतली एखादी वस्तू घेतलीत तर तितक्याच किमतीची दुसरी ठेवा. खाऊ ठेवू नका, मुंग्या आणि उंदीर वहीसकट फडशा पाडतात. नाव लिहून झाले की झाकणाच्या खोबणीतली वाळू बोटाने पुसून मग ते बंद करा. एक कण राहिला तरी झाकण नीट बसत नाही, आणि जूनच्या पहिल्या पावसात वहीचा लगदा होतो.